काळ्या कोंबडीचे कार्ड आणि कुर्ट श्विटर्स

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात पोस्टकार्डावर कोलाज करण्याची स्पर्धा होती. विषय होता आपल्या भागातला पशू किंवा पक्षी. बहुतेकांनी बैल घेतला, काहींनी मोर. मी कडकनाथ कोंबडी घेतली. ही जात मूळची झाबुआ-अलिराजपूरकडची, भिल्ल-भिलाल्यांच्या अंगणातली. पिसे काळी, कातडी काळी, मांससुद्धा काळे. म्हणून तिकडे तिला कालामासी म्हणतात. मामाने तिकडच्या बाजारातून पिल्ले आणून दिली होती. त्यांच्या आठ कोंबड्या झाल्या. त्या आईच्या. अंडी विकून येणारे पैसेही आईचेच, त्यांचा हिशेब घरात कोणी विचारत नसे. माझ्या वह्या त्यातूनच आल्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या नवापूर तालुक्यात बर्ड फ्लू आला. (२००६ साली हा रोग देशात पहिल्यांदा सापडला तोही नवापुरातच.) रोग निघालेल्या पोल्ट्रीपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे असे ठरले आणि आमचे घर त्या वर्तुळात होते. मी तेव्हा नववीत होते. पांढऱ्या पोशाखातली माणसे अंगणात आली, आईने डालग्याखालून एकेक कोंबडी काढून दिली. त्यांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

चित्रकला मी कधी शिकलेली नाही. काळा कागद आणावा तर तो दिसतो नुसता काळा, कोंबडीसारखा नाही. मी रडकुंडीला आलेली पाहून आमच्या सरांनी ग्रंथालयातले एक जाडजूड पुस्तक उघडून समोर ठेवले. आत ट्रामची तिकिटे, पाकिटे, वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून केलेली चित्रे होती. करणाऱ्याचे नाव कुर्ट श्विटर्स. स्पर्धा राहिली बाजूला, मी त्या माणसाच्याच मागे लागले.

श्विटर्स २० जून १८८७ रोजी जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात जन्मला. घर खाऊनपिऊन सुखी. लहानपणापासून त्याला फेफऱ्याचा त्रास होता. ड्रेस्डेनच्या अकादमीत तो रीतसर चित्रकला शिकला आणि चारचौघांसारखी निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे काढू लागला. १९१५ मध्ये हेल्माशी लग्न झाले. पहिले मूल दगावले, १९१८ मध्ये मुलगा अर्न्स्ट जन्मला. पहिल्या महायुद्धात काही काळ तो एका लोखंडाच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत होता. युद्ध संपले तेव्हा जर्मनी हरली होती, जुने सगळे मोडून पडले होते. त्याच सुमारास हा गृहस्थ रस्त्यावरचा कचरा वेचू लागला. वापरलेली तिकिटे, दोऱ्या, लाकडाचे तुकडे, चिंध्या. ही भंगारवाल्याची कामे शिकल्यासवरल्या माणसाने करावीत याचे लोकांना हसू येई. एका चित्रात त्याने बँकेच्या जाहिरातीचा तुकडा चिकटवला. कोमर्झ या शब्दातली मेर्झ एवढीच अक्षरे त्यात उरली होती. तेच नाव त्याने आपल्या साऱ्या उद्योगाला दिले. बर्लिनमधल्या दादा चळवळीच्या लोकांनी त्याला आपल्यात घेतले नाही. (आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, हे दादा वेगळे.) मग हा एकटाच मेर्झ करत राहिला.

आणि तो पोस्टकार्डे पाठवायचा! छापील कार्डावर आपले कपटे चिकटवायचे, पत्ता लिहायचा आणि मित्राला सरळ टपालाने धाडायचे. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की आपल्यालाही हे जमेल. त्याचे चिकटवण्याचे साधनही पिठाची खळ, जी आमच्या घरी पतंगाला लागते.

हॅनोव्हरच्या राहत्या घरात साधारण १९२३ पासून तो एक विलक्षण रचना उभारत गेला. तिला मेर्झबाऊ म्हणतात. खांब, कोनाडे, गुहा वाढत वाढत खोल्या भरल्या. कोनाड्यांतून त्याने मित्रांच्या वस्तू जपून ठेवल्या. पुढे नाझी आले. जानेवारी १९३७ मध्ये त्याला नॉर्वेला निघून जावे लागले. मुलगा आधीच पोचला होता. घरदार सांभाळायला हेल्मा मागे राहिली. त्याच वर्षी म्युनिकमध्ये नाझींनी भ्रष्ट कलेचे प्रदर्शन मांडले, त्यात त्याचीही चित्रे टिंगलीसाठी टांगली. १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या तेव्हा मुलासह तो बर्फफोड्या जहाजातून ब्रिटनला पोचला. तिथे जर्मन म्हणून त्यालाच पकडून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवले! छावणीत तो उरलेल्या लापशीची शिल्पे करायचा. त्यांना बुरशी येई, वास सुटे. नोव्हेंबर १९४१ मध्ये सुटका झाली. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचे घर मेर्झबाऊसकट नष्ट झाले. १९४४ मध्ये तिकडेच हेल्मा कर्करोगाने गेली.

इथे मी पुस्तक मिटून ठेवले होते. आठ कोंबड्यांची आणि या माणसाच्या घराची तुलना होत नाही हे मला कळते. तरी त्या रात्री मी मेसमधून मूठभर पीठ मागून आणले आणि खळ शिजवली.

१९४५ मध्ये तो इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात ॲम्बलसाइडला राहायला गेला. गावकऱ्यांची चित्रे काढून पोट भरायचा. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाकडून मदत मिळाली, तेव्हा एल्टरवॉटरच्या एका कोठारात त्याने नवी भिंत घडवायला घेतली. ती अपुरीच राहिली. ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी, ८ जानेवारी १९४८ रोजी, तो केंडलच्या इस्पितळात वारला. ती भिंत १९६५ मध्ये कोठारातून उचलून न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत नेली. आज ती तिथे आहे.

माझी कोंबडी अशी झाली: अंगाला मोडक्या छत्रीचे कापड, पंखांना वाण्याच्या बिलबुकातला वापरलेला कार्बन, पायांखाली जमीन म्हणून एसटीची माझी अर्धी तिकिटे. यंत्रातून निघणारी ही तिकिटे लवकर पुसट होतात, त्यामुळे नवापूर हे नाव आता नीट वाचता येत नाही. कार्बनला खळ लागली की बोटे जांभळी होतात. तुरा बिस्किटाच्या पुड्याचा, लालभडक. स्पर्धेत नंबर आला नाही. परीक्षकांना तो कावळा वाटला.

ते कार्ड मी वसतिगृहाजवळच्या पेटीत टाकले, आईच्या नावाने. आईला वाचता येत नाही, म्हणून आजवर मी तिला पत्र असे कधी लिहिलेच नव्हते. आठवड्याने तिचा फोन आला. कोंबडी तिने लगेच ओळखली होती. मात्र तुरा लाल का केला, असे तिने मला विचारले. आपल्यांचा तुरा कधीच लाल नव्हता, काळपट जांभळा होता, आणि हे मी इतक्यात कशी विसरले, म्हणून ती थोडी रागावलीही.

दुसरे कार्ड करायला घेतले आहे. तुरा कार्बनचाच करणार आहे.