पुनरुत्थानाची पहिली वार्ताहर

आज ईस्टर. मृत्यू हा शेवट नव्हे, ही ख्रिस्ती श्रद्धा ज्या वार्तेवर उभी आहे, ती प्रथम सांगणाऱ्या मग्दालीया मरीयेचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गालील सरोवराच्या पश्चिम तीरावरील मग्दाला हे तिचे गाव. येशूने तिला सात भुतांच्या बाधेतून सोडविले. तेव्हापासून ती त्याच्यामागून चालली. इतर स्त्रियांसह स्वतःचे द्रव्य वेचून त्या मंडळींचा योगक्षेम तिने वाहिला. वधस्तंभाच्या दिवशी शिष्य पांगले. ती हलली नाही.

तिसऱ्या दिवशी, अंधार सरला नव्हता तोच, ती कबरीपाशी आली. धोंड बाजूस सरलेली, कबर रिकामी! पेत्र आणि दुसरा एक शिष्य धावत आले, पाहून परत गेले. ती मात्र रडत तेथेच उभी राहिली. समोर आलेल्या पुरुषास ती माळी समजली. त्याने नावाने हाक मारली मात्र, तिने स्वामीस ओळखले. जी ओळख रूपाने पटली नाही, ती हाकेने पटली! कीर्तनात जन्म घालविलेले आम्ही या स्थळी दर वेळी थांबतो.

आपणास धरून न ठेवता बांधवांस जाऊन सांग, अशी त्याची आज्ञा झाली. तिने सांगितले; शिष्यांस ती बाष्कळ बडबड वाटली. स्त्रीच्या साक्षीस त्या काळी मोल कोठले?

पुढे इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात तिला शुभवर्तमानातील एका अनाम पतितेशी एकरूप केले. मूळ ग्रंथात यास आधार नाही. तरी हा डाग रोमच्या पंचांगातून पुसला जाण्यास १९६९ साल उजाडावे लागले. २०१६ साली तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनास प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला.