गायनाचार्य कै. विष्णु दिगंबर पलुस्कर

अधू डोळ्यांच्या मुलास हायस्कुलापुढें काय शिकवावें, असें आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील पालक आम्हांस कधीं कधीं विचारतात. विचारतांना स्वर असा असतो, कीं मुलानें घरीं बसावें हें जणूं ठरूनच गेलें आहे. अशा पालकांपुढें आज आम्ही एक चरित्र ठेवीत आहों.

विष्णु दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. मुलगा शाळेंत जात होता. परंतु दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि त्याचे डोळे दुखावले. उपचारासाठीं त्यास मिरजेस नेलें. दृष्टि क्षीण झाली ती झालीच. शाळेचा अभ्यास पुढें नेणें अशक्य झालें. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं मुंबईस अंधांची शाळा काढली ती १९०० सालीं. म्हणजे या मुलाच्या लहानपणीं तीही नव्हती.

येथें वडीलधाऱ्यांचें शहाणपण दिसून येतें. काय गेलें याचा पाढा वाचीत न बसतां, कान आणि गळा शाबूत आहेत हें त्यांनीं पाहिलें. मिरजेचे अधिपति बाळासाहेब पटवर्धन यांनीं आश्रय दिला, आणि ग्वाल्हेर परंपरेचे थोर गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे सुमारें बारा वर्षें विद्यार्जन झालें. मुलाच्या बुद्धीविषयीं आम्ही शिक्षक पुष्कळ बोलतों. त्याच्या जेवणाची व राहण्याची सोय कोण करणार, हें मात्र विसरतों.

आज संस्थानिक राहिले नाहींत, परंतु कायदा आहे. २०१६ च्या कायद्यानें सरकारी व अनुदानित कॉलेजांत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठीं निदान ५ टक्के जागा राखून ठेवाव्या लागतात. परीक्षेंत लेखनिक व जादा वेळही मिळतो. यासाठीं सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतें. तें काढण्यास दहावीच्या निकालाची वाट पाहूं नये.

पंडितजींनीं १८९६ सालीं मिरज सोडली. गांवोगांव जलसे करीत ते लाहोरास पोहोंचले, आणि ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं तेथें गांधर्व महाविद्यालय उघडलें. ज्याची शाळा अर्ध्यावर सुटली, त्यानें महाविद्यालय काढलें! ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा, छापील पुस्तकें, हें सारें गायनाच्या विद्येंत तेव्हां नवीनच होतें. गंमत अशी, कीं ज्याची दृष्टि मंद, त्यानेंच डोळ्यांनीं वाचावयाची स्वरलिपि तयार केली. गरीब विद्यार्थ्यांस त्यांनीं अन्नवस्त्र देऊन शिकविलें.

त्याच सुमारास, १९०४ सालीं, अमेरिकेंत अंध व बधिर हेलन केलर रॅडक्लिफ कॉलेजची पदवीधर झाली. ॲन सुलिव्हन ही तिची शिक्षिका वर्गांत शेजारीं बसून व्याख्यानें तिच्या तळहातावर बोटांनीं उमटवीत असे. त्या पदवींत या बोटांचाही वांटा होता, असें आम्ही समजतों.

१९०८ सालीं मुंबईस विद्यालय निघालें. त्यासाठीं बांधलेल्या इमारतीचें कर्ज फिटेना, आणि शेवटीं ती हातची गेली. पंडितजी नाशिकास जाऊन राहिले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे शिष्य मात्र तोंवर तयार झाले होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं पंडितजींनीं देह ठेविला तो मिरजेसच. डोळ्यांवर उपचार व्हावा म्हणून लहानपणीं त्यांना आणलें होतें, त्याच गांवीं.