दादासाहेब गायकवाड: बंद दारापासून मूलभूत हक्कांपर्यंत

नाशिकच्या द्वारका चौकातून गोदावरी ओलांडली की पंचवटी लागते. तिथल्या काळाराम मंदिरात आज कोणीही जाऊ शकतो. 1930 साली मात्र अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला हे दार बंद होते. ते उघडावे म्हणून झालेल्या लढ्याची स्थानिक धुरा भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी सांभाळली.

दादासाहेबांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. पुढे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विश्वासू सहकारी बनले. 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे सचिव तेच होते. पहिल्या तुकडीत 125 पुरुष आणि 25 स्त्रिया मंदिराच्या चार दरवाजांसमोर बसल्या. रामनवमीच्या रथोत्सवात दगडफेक झाली. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हाही लढा थांबला नाही. सुमारे पाच वर्षे झुंजूनही दार उघडले नाही. अखेर 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

दार का उघडले नाही? कारण प्रवेश नाकारणे तेव्हा गुन्हा नव्हता. रूढीपुढे दाद मागायला हक्कच नव्हता.

26 जानेवारी 1950 रोजी संविधान लागू झाले आणि चित्र बदलले. कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम 15 ने दुकाने, हॉटेले, विहिरी आणि तलाव यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली. कलम 25 ने सार्वजनिक स्वरूपाची हिंदू मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारा कायदा करण्याची मुभा राज्याला दिली. हक्क डावलला गेला तर कलम 32 नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

पण कागदावरच्या समानतेने पोट भरत नाही, हे दादासाहेब जाणून होते. 1957 साली ते नाशिकमधून लोकसभेवर गेले, 1962 पासून राज्यसभेत होते. भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून त्यांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमी सत्याग्रह केले. त्यात हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले.

1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले. काळारामाच्या दारात जे मागून मिळाले नव्हते, ते आज प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.