कानांनी पाहिलेली शर्यत

टीव्ही घरोघरी येण्याआधी अमेरिकेतील माणसे घोड्यांची शर्यत कानांनी पाहत. ती त्यांना दाखवत क्लेम मॅकार्थी. १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्यात जन्मलेल्या मॅकार्थींना व्हायचे होते जॉकी. पण शरीर थोराड निघाले आणि ते स्वप्न राहून गेले. मग ते शर्यतींविषयी वृत्तपत्रांत लिहू लागले आणि पुढे एनबीसी रेडिओवर आले. आवाज गोड नव्हताच, खडीवरून चाक जावे तसा खरखरीत. पण केंटकी डर्बी म्हटली की लोकांना तोच आवाज हवा असे.

१ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिम्लिको मैदानावर सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल यांची झुंज होती. गर्दी एवढी, की मॅकार्थींना आपल्या जागेपर्यंत पोहोचताच आले नाही. कठड्याशी उभे राहून त्यांनी सीबिस्किटचा चार लेंथचा विजय देशाला ऐकवला.

त्याच मैदानावर १९४७ मध्ये त्यांचा घात झाला. प्रीकनेस शर्यतीत दूरच्या वळणावर गर्दी आड आली आणि घोडे क्षणभर दिसेनासे झाले. जॉकींच्या पोशाखांचे रंगही मिळतेजुळते. जिंकला फॉल्टलेस, मॅकार्थींनी पुकारला जेट पायलट! चूक उमगताच त्यांनी सबबी न सांगता मायक्रोफोनवरच ती कबूल केली.

१९६२ मध्ये ते गेले. ती चूक आजही सांगितली जाते. पण घरी बसलेल्या श्रोत्याला त्यांच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नव्हता, आणि तो विश्वास त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही.