एका हाताचा मेजर

मांजर्लीत राहणाऱ्याला पुराचं कौतुक नसतं. पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की आई मला काठाकडे फिरकूसुद्धा देत नाही. त्यामुळे एक हात नसलेला माणूस मुद्दाम खळाळत्या नदीत होडी घालतो, हे वाचून मी त्याला आधी वेडाच ठरवलं.

जॉन वेस्ली पॉवेल (१८३४-१९०२). अमेरिकेच्या यादवी युद्धात, ६ एप्रिल १८६२ ला शायलोच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताला गोळी लागली. हात कोपराखाली कापावा लागला. बायको एमाने शुश्रूषा केली आणि गडी परत तोफखान्यात हजर! उरलेल्या हातातली कळ मात्र जन्मभर गेली नाही.

युद्धानंतर तो भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. नकाशावर कोलोरॅडो नदीचा बराच भाग तेव्हा कोरा होता. २४ मे १८६९ ला नऊ सोबती आणि चार होड्या घेऊन तो निघाला. होड्या गोल बुडाच्या, वळवायला कठीण. त्यात वल्हवणारे पुढच्या पाण्याकडे पाठ करून बसणार! आमच्या व्हायव्हात असलं डिझाइन कोणी पास केलं नसतं. जूनमध्येच एक होडी खडकावर फुटली. माणसं वाचली, पण पुष्कळ धान्य गेलं.

तरी पॉवेल कडे चढायचा थांबेना. एकदा उडी मारून त्याने डाव्या हाताने खडक पकडला आणि तिथेच अडकला. वर जाता येईना, मागे फिरता येईना, पाय लटपटू लागले. वरच्या कपारीत ब्रॅडली होता, पण दोर नव्हता. त्याने चक्क आपली आतली विजार काढून खाली सोडली. ती धरायची तर आहे तो एकुलता एक हात खडकावरून सोडायचा! पॉवेलने सोडला, विजार पकडली आणि वाचला. हे वाचताना माझ्याच तळहाताला घाम आला.

एकजण जुलैत परतला होता. २८ ऑगस्टला पुढचा भयंकर प्रवाह पाहून आणखी तिघे कडा चढून निघून गेले. ते वाटेत मारले गेले. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. शिधा जवळजवळ संपला होता. उरलेले सहाजण दोनच दिवसांत, ३० ऑगस्टला, सुखरूप बाहेर पडले. पेपरांत त्यांच्या मरणाच्या बातम्या कधीच छापून आल्या होत्या.

१८७१ ला पॉवेल पुन्हा त्याच नदीवर गेला. या वेळी त्याने होडीवर उंच खुर्ची बांधून घेतली, पुढचं पाणी दिसावं म्हणून.