बिल फ्रान्स (ज्येष्ठ)

विल्यम हेन्री गेटी फ्रान्स, अर्थात बिल फ्रान्स (ज्येष्ठ) (२६ सप्टेंबर १९०९ – ७ जून १९९२) हे अमेरिकन मोटार शर्यतपटू, संयोजक आणि नासकार या संस्थेचे संस्थापक होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या साध्या मोटारींच्या, म्हणजेच स्टॉक कारच्या, शर्यतींना त्यांनी नियमबद्ध स्वरूप दिले. इंजिनाची शक्ती आणि गाडीचा वेग यांवर मर्यादा घालण्याची या खेळातील परंपरा त्यांच्या कारकिर्दीत रुजली. पुढे तीच पिकअप ट्रकच्या शर्यतींनीही स्वीकारली.

== प्रारंभिक जीवन ==
फ्रान्स यांचा जन्म वॉशिंग्टन डी.सी. येथे झाला. मोटार दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय होता. १९३१ मध्ये त्यांचा विवाह ॲन ब्लेडसो यांच्याशी झाला. महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, हे कुटुंब फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थायिक झाले. तेथील कठीण वाळूच्या किनाऱ्यावर वेगाचे जागतिक विक्रम होत असत. परंतु त्याच वर्षी विक्रमवीरांनी युटामधील बॉनव्हिलच्या क्षारभूमीकडे मोर्चा वळवला. ती पोकळी भरून काढण्यासाठी नगरपालिकेने १९३६ मध्ये स्टॉक कारची शर्यत भरवली. तीत फ्रान्स पाचवे आले. नगरपालिकेला मात्र तोटा झाला. १९३८ पासून संयोजनाची धुरा फ्रान्स यांनी उचलली.

== नासकारची स्थापना ==
त्या काळी प्रत्येक गावी शर्यतीचे नियम वेगळे असत आणि काही संयोजक बक्षिसाची रक्कम घेऊन पसार होत. यावर उपाय म्हणून १४ डिसेंबर १९४७ रोजी डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात फ्रान्स यांनी बैठक बोलावली. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी नासकारची रीतसर नोंदणी झाली.

मूळ स्वरूपातील मोटारींची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. प्रथम आलेल्या ग्लेन डनवे यांच्या गाडीच्या मागील स्प्रिंगांमध्ये फेरफार आढळल्याने त्यांना बाद ठरवून जिम रोपर यांना विजयी घोषित करण्यात आले. गाडीच्या मालकाने न्यायालयात धाव घेतली. परंतु निकाल नासकारच्या बाजूने लागला. त्यामुळे तपासणीच्या अधिकाराला न्यायालयीन आधार मिळाला.

== शक्ती आणि वेगावरील मर्यादा ==
१९५९ मध्ये फ्रान्स यांनी अडीच मैलांची, ३१ अंश उताराची वळणे असलेली डेटोना धावपट्टी सुरू केली. अशा वळणांवर गाडीचा वेग फारसा कमी करावा लागत नाही. त्यामुळे वेग झपाट्याने वाढला, पण टायर आणि सुरक्षेची साधने मागे पडली. १९६४ मध्ये जो वेदरली, फायरबॉल रॉबर्ट्स आणि जिमी पार्ड्यू हे तीन नामवंत चालक मृत्युमुखी पडले.

त्याच वर्षी क्रायस्लर कंपनीच्या ४२६ घनइंची (सुमारे ७ लिटर) हेमी इंजिनाने डेटोना ५०० शर्यत जिंकली. सामान्य ग्राहकाला न मिळणारे इंजिन स्टॉक कारमध्ये चालणार नाही, असा पवित्रा घेऊन फ्रान्स यांनी १९६५ साठी त्यावर बंदी घातली. क्रायस्लरने बहिष्कार टाकला, प्रेक्षक घटले आणि अखेर तडजोड झाली.

१९६९ मध्ये टॅलाडेगा येथील नव्या धावपट्टीवर वेग ताशी ३२० किमीच्या जवळ पोहोचला आणि टायर फाटू लागले. रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखाली प्रमुख चालकांनी शर्यतीत उतरण्यास नकार दिला. धावपट्टी सुरक्षित असल्याचे दाखवण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावरील फ्रान्स यांनी स्वतः तीवर गाडी चालवली आणि उरलेल्या चालकांना घेऊन शर्यत पार पाडली.

मात्र पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, मिशिगन येथे रिस्ट्रिक्टर प्लेट सक्तीची झाली. ही चार छिद्रांची धातूची चकती कार्ब्युरेटरच्या खाली बसवली जात असे. छिद्रे लहान असल्याने इंजिनाला हवा कमी मिळते, परिणामी इंधनही कमी जळते आणि शक्ती घटते. १९७१ मध्ये पंख असलेल्या गाड्यांना ३०५ घनइंचांची (सुमारे ५ लिटर) मर्यादा घालण्यात आली.

== टीका ==
नियम करणारी संस्था आणि प्रमुख धावपट्ट्या एकाच कुटुंबाच्या हाती असल्याबद्दल फ्रान्स यांच्यावर टीका झाली. १९६१ मध्ये चालकांची संघटना बांधू पाहणाऱ्या कर्टिस टर्नर यांच्यावर त्यांनी आजन्म बंदी घातली. ती १९६५ मध्ये उठवण्यात आली.

== उत्तरायुष्य आणि वारसा ==
जानेवारी १९७२ मध्ये फ्रान्स यांनी नासकारची सूत्रे पुत्र बिल फ्रान्स (कनिष्ठ) यांच्याकडे सोपवली. १९८७ मध्ये टॅलाडेगा येथे बॉबी ॲलिसन यांची गाडी उडून प्रेक्षकांपुढील जाळीवर आदळली. त्यानंतर १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा येथे रिस्ट्रिक्टर प्लेट पुन्हा सक्तीची झाली. वेग उतरला, परंतु सर्वांची शक्ती सारखी झाल्याने गाड्या घोळक्याने धावू लागल्या आणि एका चुकीत अनेक गाड्या सापडू लागल्या. १९९५ मध्ये सुरू झालेल्या नासकारच्या पिकअप ट्रक मालिकेतही २००० पासून डेटोना येथे शर्यत होऊ लागली.

७ जून १९९२ रोजी फ्लोरिडातील ऑर्मंड बीच येथे फ्रान्स यांचे निधन झाले. २०१० मध्ये नासकार हॉल ऑफ फेमच्या पहिल्या पाच मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. टॅलाडेगाच्या बहिष्काराचे नेते रिचर्ड पेटी हेही त्याच पाच जणांपैकी एक आहेत.