हसवणारे मास्तर : राम गणेश गडकरी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा कमिटीचा आग्रह झाला. मी मार्केट यार्डात भुसार विभागात तीस वर्षं दिवाणजी होतो. जमाखर्चापलीकडे लिहिणं माहीत नाही. तरी राम गणेश गडकऱ्यांवर लिहितो, कारण त्यांचं येणं माझ्याकडे बाकी आहे.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातेत नवसारीचा. वडील लहानपणीच गेले. पुढे कुटुंब पुण्यात आलं. फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं, पण गणिताने दगा दिला आणि शिक्षण सुटलं. मग ते किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवणारे मास्तर झाले. पैसा बेताचा, तब्येत नाजूक. पण माणूस रडत बसला नाही. कविता गोविंदाग्रज नावाने केल्या आणि विनोद बाळकराम नावाने लिहिला. ‘एकच प्याला’त सिंधूचे हाल लिहिणाऱ्या हातानेच तळीरामाचं आर्यमदिरा मंडळही लिहिलं. मुलीच्या लग्नाची काळजी तेव्हा घराघरात होती. ठकीसाठी स्थळ शोधणाऱ्यांची फजिती लिहून त्यांनी त्या काळजीवरच लोकांना हसवलं.

शेवटी प्रकृती ढासळली. नागपूरजवळ सावनेरला असताना, मृत्यूच्या थोडेच दिवस आधी त्यांनी ‘भावबंधन’ पूर्ण केलं. त्यातही धुंडिराज, कामण्णा अशी हसवणारी पात्रं आहेत. २३ जानेवारी १९१९ ला ते गेले. वय अवघं ३३.

आता माझं. चार वर्षांपूर्वी आमच्या सौ.चं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. घरात गोळ्यांच्या वेळा सोडल्या तर बोलणंच उरलं नव्हतं. एका संध्याकाळी कपाटात बाळकरामांचं पुस्तक सापडलं. ठकीच्या लग्नाची गोष्ट मी मोठ्याने वाचायला लागलो. सौ. इतकी हसली, की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून दार वाजवून आल्या. त्यासुद्धा बसल्या ऐकायला! रिपोर्ट काही सुधारले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना रिक्षात आम्ही गप्पा मारत गेलो. खूप दिवसांनी.

हसण्याने दुखणं जात नाही. खुद्द गडकऱ्यांचंही गेलं नाही. औषधं वेळेवर घ्यायचीच. पण दुखण्याच्या दिवसांतही आपलं माणूस आपल्याशी बोलतं राहतं, हे थोडं नाही.

पुस्तक आमच्याकडेच आहे. ज्यांच्या घरात सध्या शांतता जास्त झाली असेल, त्यांनी खुशाल घेऊन जावं. परत करायची घाई नाही.